न उचललेले पाचशे बारा फोन

रोजगार व प्रशिक्षण केंद्राच्या कचेरीत खिडकीजवळच्या टेबलावर एक फोन होता आणि त्या फोनमागे एक माणूस होता. त्याला सगळे फोनभाऊ म्हणत. केंद्रात वेल्डिंग, शिलाई, क्रेन चालवणं, लिफ्टची दुरुस्ती असं बरंच काही फुकट शिकवायचे, आणि शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला सहा महिन्यांनी फोन करून "काय, लागली का नोकरी?" असं विचारायचं, हे फोनभाऊचं काम. सरकार एवढं शिकवतं, त्याचं पुढे काय होतं हे लोकांना कळायला नको? कळायलाच पाहिजे. त्यासाठी फोनभाऊ. अकरा वर्षं तो हे काम करत होता आणि अकरा वर्षं तात्पुरताच होता. दर वर्षी त्याची नेमणूक संपायची, दर वर्षी त्याची बायको देव पाण्यात ठेवायची, आणि दर वर्षी केंद्राचे साहेब शेवटच्या दिवशी आणखी वर्षभराची सही ठोकायचे.

आता घोळ कुठे झाला ते ऐका. वरिष्ठ कचेरीने पाठवलेल्या तक्त्यात दोनच रकाने होते. एक 'नोकरीत', दुसरा 'बेरोजगार'. आणि लोक तर फोनच उचलत नव्हते! फोनभाऊने बिचाऱ्याने इमानदारीत न उचलणाऱ्यांच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही. आठवड्याभरात तक्ता परत आला. वर लाल शाईत शेरा : 'कोणताही रकाना कोरा ठेवू नये.'

फोनभाऊ दोन दिवस विचार करत बसला. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात उजेड पडला. सकाळी अकरा वाजता फोन उचलायला ज्याला सवड नाही, तो काय करत असणार? काम! आणि पहिल्याच घंटेला जो झडप घालून फोन उचलतो, तो? घरी बसलेला. इतकं सरळ गणित आजवर कुणाला कसं सुचलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं. त्याने पाचशे पन्नास जणांना फोन लावले. अडतीस जणांनी उचलला, ते बेरोजगार. पाचशे बारा जणांनी उचलला नाही, ते नोकरीत. त्र्याण्णव टक्के!

त्र्याण्णव टक्के म्हणजे काय खायचं काम आहे? शेजारच्या केंद्राचा आकडा एकतीस होता. वरिष्ठ कचेरीत तर म्हणे दोन माणसांनी वेगवेगळे बसून हिशेब तपासला आणि मग एकमेकांकडे बघत राहिले. अभिनंदनाचं पत्र आलं. दारावर 'त्र्याण्णव टक्के' असा हातभर अक्षरांचा फलक लागला. इतर केंद्रांचे अधिकारी तो चमत्कार बघायला येऊ लागले. ते वर्गांतून फिरत, वेल्डिंगच्या ठिणग्यांकडे आ वासून बघत आणि शेवटी हळू आवाजात विचारत, "नेमकं करता तरी काय तुम्ही?"

"निष्ठा," साहेब डोळे मिटून म्हणत.

एक अधिकारी तर फोनभाऊच्या टेबलापाशी येऊन त्या फोनला हात लावून गेला.

साहेबांनीही मन मोठं केलं. फोनभाऊला कायम करावं असा प्रस्ताव त्यांनी वर पाठवला. त्या दिवशी घरी बायकोने ते ऐकलं आणि ती मटकन खालीच बसली.

"अहो, खरंच? म्हणजे आता दर वर्षी ती धाकधूक नाही?"

"नाही. फक्त एक आहे. जबाबदारी समिती येणारेय, आकडे तपासायला. उघड सुनावणी आहे, लोकांसमोर. समितीने हो म्हटलं की झालं."

"मग म्हणेल की हो! त्र्याण्णव टक्के आहेत तुमचे."

फोनभाऊ उठून दोन भांडी पाणी प्यायला.

समितीच्या अध्यक्षबाई सत्तरीच्या पुढच्या. सरकारी खात्यांचे आकडे तपासण्यात त्यांचे केस पांढरे झालेले. त्यांचं पत्र आलं ते वाचून साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी लिहिलं होतं : 'असा आकडा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. कागद नकोत. मला ती माणसं बघायची आहेत. निदान तीस तरी समोर आणून बसवा.'

"आणा तीस," साहेब म्हणाले. "पाचशे बारा आहेत आपल्याकडे. त्यातले तीस म्हणजे काहीच नाही. लावा फोन."

"साहेब, ते फोन उचलत नाहीत."

"का नाही उचलत?"

"उचलत नाहीत म्हणून तर ते नोकरीत आहेत."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग दार लावून घेतलं. "पुन्हा सांगा," ते म्हणाले. फोनभाऊने पुन्हा सांगितलं. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, भीती होती, पण खरं सांगायचं तर थोडा आदरही होता. वीस वर्षांच्या नोकरीत असलं अचाट काही त्यांनी ऐकलं नव्हतं.

"घरी जाऊन गाठा त्यांना," ते शेवटी म्हणाले. "आणि हे बाहेर कुठे बोलू नका."

फोनभाऊ पत्ते घेऊन निघाला. पहिलं घर एका वेल्डरचं. भर दुपारी बारा वाजता गडी पांघरूण घेऊन घोरत होता. नोकरी नव्हतीच. "मग फोन का नाही उचलला?" असं विचारल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. केंद्राचा नंबर त्याने 'उचलू नये' अशा नावाने जतन केला होता. "भीती वाटते हो," तो म्हणाला. "नोकरी नाही म्हटलं की तुम्ही पुन्हा शिकायला बसवाल." दुसऱ्या घरी शिलाई शिकलेल्या बाईंचा फोन त्यांच्या सासूबाईंकडे असायचा, आणि सासूबाई अनोळखी माणसाशी बोलत नसत. त्या फोनभाऊशीही बोलल्या नाहीत.

तिसरा मात्र सापडला. बाटल्यांच्या कारखान्यात, यंत्रापाशी, घामाघूम! मोबाइल कपाटात कुलूपबंद. फोनभाऊचा ऊर भरून आला. त्याने त्या माणसाचा हात धरला तो सोडेचना.

"सुनावणीला येता का? मंगळवारी, अकराला."

"मंगळवारी कसा येणार? नोकरी आहे ना मला!"

म्हणजे बघा पंचाईत. नोकरी नसलेले आणून उपयोग नाही, आणि नोकरी असलेले येऊ शकत नाहीत. घरी आल्यावर फोनभाऊने बायकोला सगळं सांगून टाकलं. ती डोक्याला हात लावून ऐकत होती.

"अहो, किती फोन लावलेत म्हणालात?"

"साडेपाचशे."

"आणि उचलले फक्त अडतीसांनी? मग त्यांनाच बोलवा की. निदान तुमच्याशी बोलतात तरी."

"अगं, ते बेरोजगार आहेत!"

"खुर्च्या तर भरतील. पुढचं पुढे."

फोनभाऊने अडतीस फोन लावले. अडतीसच्या अडतीस जणांनी पहिल्या दोन घंटांत उचलले. "मंगळवारी केंद्रात येऊन बसा, चहा आहे," एवढंच तो म्हणाला. कसं चाललंय हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. एकीच्या मागे भयंकर खडखडाट चालला होता. घरासमोर रस्ता खणत असतील, असं त्याने मनाशी ठरवलं. काय करणार, फोन उचलणारा माणूस कामावर असू शकतो, हे त्याच्या शास्त्रात बसतच नव्हतं.

सुनावणीच्या सकाळी साहेबांनी त्याला कोपऱ्यात ओढलं. "त्यांना सांगून ठेवा, बाईंनी विचारलं की हात वर करायचा. एक हात. बास. तुमचं कायम होणं त्या हातांवर आहे, लक्षात ठेवा."

फोनभाऊ दालनाच्या दारापर्यंत गेला. आत एकतीस माणसं बसली होती, धुतलेल्या कपड्यांत, केस विंचरून. कुणी मान डोलावली, कुणी नमस्कार केला. एक म्हातारासा माणूस उठून म्हणाला, "फोनभाऊ ना? आवाजावरनं ओळखलं नाही, बोलला नाहीत तुम्ही. पण असे काळजीने उभे आहात म्हणून ओळखलं." अकरा वर्षं ज्यांचे नुसते आवाज ऐकले आणि आकडे मांडले, त्यांना नाक-डोळे होते! या माणसांना खोटं बोलायला सांगणं त्याच्याने होईना. तो तसाच मागच्या रांगेत जाऊन बसला. गेली नोकरी तर गेली, असं त्याने ठरवलं.

दालन भरलं. वार्ताहर आले, गावातले रिकामे आले, विरोधात बोलायला येणारे नेहमीचे दोघेही आले. अध्यक्षबाई बसल्या, पदर सारखा केला आणि इकडची तिकडची न करता म्हणाल्या, "पुढे बसलेल्यांपैकी जे आज नोकरीत आहेत, त्यांनी हात वर करावा."

सव्वीस हात वर गेले.

साहेबांनी मागे वळून फोनभाऊकडे बघितलं. शाब्बास, नीट पढवलंस, असा भाव. फोनभाऊ साहेबांकडे बघत होता. यांनी स्वतःच येऊन पढवलं की काय, असा भाव. दोघेही एकमेकांच्या धाडसाने थक्क झाले होते.

"तुम्ही," बाईंनी पहिल्या रांगेतल्या एका तगड्या बाईकडे बोट केलं. "काय करता?"

"क्रेन चालवते. कारखान्यात, छताला असते ती. तीस टन उचलते."

त्या बाईंकडे बघून लोकांची नजर आपोआप छताकडे गेली. "तीस टन," विरोधातला एकजण पुटपुटला.

अध्यक्षबाईंनी यादीत बोट फिरवलं. बोट थांबलं. "पण इथे तुमच्या नावापुढे बेरोजगार लिहिलंय."

"कोणी लिहिलं?" क्रेनवाली ताडकन उठली. "आठ महिने मी माणसांच्या डोक्यावरनं लोखंड नेतेय, आजपर्यंत एक खिळा कुणावर पडला नाही! आज रजा टाकून आलेय मी. आणि मी बेरोजगार?"

"माझ्यापुढेही तेच लिहिलंय का बघा," मागून एक लिफ्टवाला उठला. मग सगळेच उठले. बघता बघता यादीतले बेरोजगार एकेक करून नोकरीत निघायला लागले, आणि साहेब खुर्चीत खाली खाली सरकायला लागले.

फोनभाऊ उभा राहिला. "बाई, मी लिहिलं," तो म्हणाला. आवाज फाटला होता, पण मग तो थांबलाच नाही. दोन रकाने, लाल शेरा, सकाळचे अकरा, पाचशे बारा न उचललेले फोन, सगळं त्याने भडाभडा ओकून टाकलं. "यांनी फोन उचलला म्हणून मी यांना बेरोजगार धरलं. ज्यांनी उचलला नाही ते नोकरीत. त्यातले किती खरे, मला माहीत नाही. मी तिघांना भेटलो. एक खरा निघाला."

वार्ताहर लिहायचं विसरले. अध्यक्षबाई तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. त्या हसत होत्या की काय, ते कळत नव्हतं.

"उचलला तेव्हा आम्ही बेरोजगारच होतो," क्रेनवाली जरा खालच्या आवाजात म्हणाली. "त्यात यांचं खोटं नाही. पण नोकरी नाही म्हटलं की हे फोन ठेवत नाहीत ना. अर्धा अर्धा तास बोलतात. येताना अमक्या कारखान्याच्या फाटकावर पाटी बघितली, तमक्या दवाखान्यात लिफ्ट बंद आहे, जाऊन विचारा. मी गेले. चौथ्या दिवशी चढले वर."

"मलाही यांनीच सांगितलं," लिफ्टवाला म्हणाला.

"मला तर दोनदा सांगितलं. पहिल्यांदा गेलो नाही तर रागावले," म्हातारासा माणूस म्हणाला.

अध्यक्षबाईंनी पदर खाली केला. "हे कोणत्या रकान्यात लिहिलंत तुम्ही?"

"त्याला रकाना नाहीये, बाई," फोनभाऊ म्हणाला. "म्हणून नाही लिहिलं."

बाईंनी हातातली यादी मिटली. मग सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी सरकारी आकडे तपासतेय. खोटे आकडे रग्गड पाहिले. पण खरं काम लपवणारा खोटा आकडा आज पहिल्यांदा बघितला." आणि त्यांनी, समितीच्या अध्यक्ष असून, फोनभाऊला हात जोडले.

आदेश शुक्रवारी आला. साहेबांनी तो दार लावून मोठ्याने वाचला. फलक उतरवावा. तक्त्यात आणखी दोन रकाने आखावेत. फोनभाऊला कायम करण्याचा प्रस्ताव नामंजूर. फोनभाऊने मान खाली घातली. साहेब पुढे वाचत गेले. फोन न उचलणाऱ्या पाचशे बारा जणांना, तसेच यापुढील प्रत्येक तुकडीतील न उचलणाऱ्यांना, सदर कर्मचाऱ्याने घरी जाऊन भेटावे आणि त्यांच्याशी बोलावे. 'हे काम पूर्ण होईपर्यंत सदर कर्मचाऱ्यास कोणीही, कोणत्याही कारणास्तव, या कामावरून हलवू नये.'

साहेब थांबले. शेवटची ओळ त्यांनी परत वाचली. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"पूर्ण होईपर्यंत," ते म्हणाले. "दर सहा महिन्यांनी नवे तीनशे बाहेर पडतात. आणि फोन तर कोणीच उचलत नाही." त्यांचा आवाज बसला. "अहो, मी कायम आहे ना, तर मला तीन वर्षांनी घरी पाठवतील. तुम्हाला कोणी पाठवूच शकत नाही!" आणि साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

घरी आल्यावर फोनभाऊने कागद बायकोच्या हातात दिला. तिने तो उभ्याउभ्याच वाचला.

"म्हणजे कायम नाही केलं?"

"नाही."

"आणि काढणारही नाहीत?"

"नाही."

"निवृत्तीसुद्धा नाही?"

"शब्द तर तसेच आहेत."

अकरा वर्षं ज्या बाईने या माणसाची नोकरी जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरला होता, तिने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला आणि घाबरून विचारलं, "अहो, मग तुम्ही यातून सुटणार तरी कधी?"