म्हातारे असा रकाना नाही

वार्धक्य संशोधन केंद्राच्या सूचनाफलकावर एक जाहिरात लागली. वृद्धत्वाच्या जीवशास्त्रासाठी एका वर्षाचे अनुदान, अर्ज केव्हाही करावा. अट एकच होती: अर्जाच्या दिवशी संशोधकाकडे दोन वर्षांचे चाळीस उंदीर हजर असावेत. उंदीर दोन वर्षांत म्हातारा होतो, तेव्हा अट शास्त्राला धरूनच होती. ती दोन वर्षे उंदरांना कोणी काय घालायचे, याबद्दल जाहिरातीत अवाक्षर नव्हते.

संशोधिकेने ती दोन वर्षे उंदरांची उस्तवार करण्यात घातली. तिचा प्रश्न तसा घरचाच होता. तिच्या आईने साठीतच अंथरूण धरले होते आणि सख्खी मावशी अजून तीन जिने धाप न लागता चढत होती. एका घरात वाढलेली, एकच अन्न खाल्लेली भावंडे वेगवेगळ्या वेगाने का म्हातारी होतात, एवढेच तिला शोधायचे होते. सुट्टीच्या दिवशीही ती पिंजरे धुवायला येई. लोक तिला उंदीरबाई म्हणू लागले, तिने ते मनाला लावून घेतले नाही. उंदीर छान म्हातारे झाले. काहींच्या पाठीवरचे केस विरळ झाले होते, काही कोपरा सोडत नव्हते, आणि अकरा जण मात्र अजून चाकावर धावत होते. त्या अकरांकडे पाहून तिला खरोखर भरून यायचे.

अनुदान मंजूर झाले आणि नेमकी त्याच आठवड्यात वार्षिक मालमोजणी आली.

भांडारपाल बगलेत डेडस्टॉक रजिस्टर घेऊन आला. केंद्रात जे जे खरेदी होते ते ते या रजिस्टरला चढते. उंदीर खरेदी झाले होते, त्यामुळे चांगले जिवंत असूनही ते तिथेच होते, खुर्च्यांच्या खाली आणि पंख्यांच्या वर.

"स्थिती काय लिहू?" त्याने विचारले.

"म्हातारे," संशोधिका अभिमानाने म्हणाली.

"म्हातारे असा रकाना नाही, मॅडम. नवे, नाहीतर जुने."

"मग जुने लिहा."

त्याने सुवाच्य अक्षरात जुने लिहिले, खाली रेघ मारली आणि सांगितले की जुना माल नियमानुसार आठ दिवसांत निकाली काढावा लागतो. तिने परोपरीने समजावले की हे उंदीर जुने आहेत म्हणूनच कामाचे आहेत. भांडारपाल माणूस वाईट नव्हता, त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. टाइपरायटर निकाली निघाले तेव्हाही एक साहेब अगदी हेच म्हणाले होते, असे त्याने सहानुभूतीने सांगितले.

ती धावत संचालकांकडे गेली. संचालक निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या मुदतवाढीवर होते, त्यामुळे वयाच्या बाबतीत कागद कसा करावा, याचा त्यांना दांडगा अनुभव होता. वस्तू नव्यासारखी असल्याचा दाखला संशोधकाने स्वतःच्या सहीने दिला, तर ती निकाली निघत नाही, असे त्यांनी सुचवले. तिने का कू केले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, कागद आहे तो. उंदीर थोडाच वाचणार आहे?" तिने चाळीस दाखल्यांवर चाळीस सह्या केल्या. निदान जीव तरी वाचत होते.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी भांडारपाल ढकलगाडी घेऊन दारात उभा राहिला. नव्यासारखी वस्तू दोन वर्षे एकाच विभागात विनावापर पडून असेल, तर ती भांडारात जमा करून गरजू विभागाला द्यायची, असा दुसरा नियम होता. समोरच्या टॉनिक विभागाने ऐंशी तरुण उंदीर मागितले होते, भांडारात चाळीसच निघाले होते.

"ते म्हातारे आहेत हो," ती कळवळून म्हणाली. "तुम्ही बघताय ना डोळ्यांनी?"

"माझ्या बघण्याला काय किंमत आहे, मॅडम? तुमची सही आहे."

पिंजरे गाडीवर चढले आणि समोरच्या दारातून आत गेले. टॉनिक विभागाच्या प्रमुखाने भांडारातल्या चाळीस उंदरांना टॉनिक पाजले आणि तुलनेसाठी तिच्या चाळिसांना साधे पाणी. तो उंदरांकडे कधी पाहत नसे, फक्त आकड्यांकडे पाहत असे. सहा महिन्यांत तिचे उंदीर एकेक करून गेले, ते अकराही. टॉनिकवाले टुणटुणीत होते. टॉनिक घेतलेले सर्व जिवंत, न घेतलेले सर्व मृत, असा अहवाल निघाला. इतका स्वच्छ निष्कर्ष केंद्राच्या इतिहासात कधी निघाला नव्हता.

संशोधिकेने लेखी तक्रार केली. उत्तर आले की उंदीर म्हातारे होते असे आपले म्हणणे असल्यास आपला दाखला खोटा ठरतो, तरी आपल्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा करावा. सोबत दुसरे पत्र होते. उंदीर नसल्यामुळे अनुदान परत गेले होते, मात्र दोन वर्षांचे चाळीस उंदीर दाखवल्यास नव्याने अर्ज करण्यास हरकत नव्हती. त्या दिवशी ती रिकाम्या खोलीत बसून मनसोक्त रडली.

टॉनिक बाजारात आले आणि हातोहात खपू लागले. ती त्या केंद्रात काम करते म्हटल्यावर ओळखीपाळखीचे लोक तिला अडवून विचारू लागले. तिने ठरवले, नोकरी गेली तरी बेहत्तर, विचारणाऱ्याला खरे तेच सांगायचे. परवा तुम्हीच तिला दवाखान्याच्या रांगेत गाठलेत. तिने तुम्हाला रकान्यापासून ढकलगाडीपर्यंत सगळे सांगितले. तुम्ही मान डोलावलीत, या देशात काही अर्थ उरला नाही असेही म्हणालात. मग थोडे जवळ सरकून, आवाज खाली आणून तुम्ही विचारलेत:

"ते सगळं खरं. पण घ्यायचं कधी, जेवणाआधी की नंतर?"