सॅमच्या गळ्याला हात

यंदाचा आदर्श शिक्षक पुरस्कार आपल्यालाच मिळणार, याबद्दल विश्वेश गुरुजींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तो मिळणं आता घरच्या शांततेसाठीही गरजेचं झालं होतं. बायकोच्या माहेरी, फोंडाघाटला, त्यांच्या साडूंचा पुरस्काराची शाल पांघरलेला फोटो बाहेरच्या खोलीत टांगला होता. साडूही शिक्षकच. दर सणाला सासूबाई गुरुजींचं पान नेमकं त्या फोटोसमोर मांडायच्या, आणि गुरुजींना सोलकढी गोड लागायची नाही.

पुरस्कार देणारं शिक्षणप्रेमी मंडळ म्हणजे जयरामशेट. शेटांची तारकर्लीला हॉटेलं होती. पर्यटक यावेत म्हणून यंदा त्यांनी किनाऱ्यावर मुंबईच्या एका पॉपस्टारची कॉन्सर्ट ठेवली. पोस्टरवर त्याचं नाव सॅम, आधार कार्डावर समर्थ. शेटांनी गुरुजींच्या शाळेला फुकट प्रवेश दिला आणि गुरुजींच्या डोक्यात उपक्रम शिरला. एक कॉन्सर्ट, सगळे विषय!

मग सहावीचा वर्ग सॅममय झाला. त्याच्या 'हो बेबी, नो बेबी, हो बेबी हो' या ओळीवर होकारार्थी आणि नकारार्थी वाक्यं शिकवून झाली. गणितात गर्दीचं क्षेत्रफळ निघालं, भूगोलात भरती-ओहोटी. इतिहासात काहीच बसेना, तेव्हा गुरुजींनी सॅमच्या फाटक्या पँटीवरून कापड गिरण्यांचा इतिहास काढला. विज्ञानात ध्वनी घेतला. गळ्यावर दोन बोटं ठेवा, 'आ' म्हणा, थरथर लागते ना? ती थरथर म्हणजे कंपन, आणि कंपनाशिवाय आवाज नाही. सगळ्या वर्गाने आपापले गळे धरून इतका वेळ 'आ' केला, की मुख्याध्यापिका सरलाबाई धावत आल्या. वर्गात कोणाला उलटी झाली, असं त्यांना वाटलं होतं.

सरलाबाईंनी एवढंच सुचवलं, की एक दिवस पोरांना नुसतं नाचू द्यावं. गुरुजी त्यांच्याकडे कीव करून हसले. नाचण्याला गुण किती, असं त्यांनी विचारलं.

कॉन्सर्टच्या संध्याकाळी काजूच्या बागांमधली ही पोरं गणवेशात, पहिल्या रांगेत, मांडीवर गुरुजींनी काढलेली प्रश्नपत्रिका घेऊन बसली. मागे सगळा किनारा उड्या मारत होता. पुढे ही मुलं पेन्सिली चावत होती. सॅमने 'हात वर' म्हणून आरोळी ठोकली तशी हजारो माणसं झुलायला लागली. सहावीच्या वर्गाने मात्र एकेक बोट सरळ वर केलं आणि गुरुजी कोणाचं नाव घेतात याची वाट बघत बसला.

सॅमला गंमत वाटली. सगळ्यात ताठ बोट अक्षयाचं होतं, म्हणून त्याने तिलाच वर बोलावलं. अक्षया म्हणजे वर्गातली सगळ्यात शहाणी मुलगी. सांगितलेलं सगळं करायची आणि तेवढंच करायची. गुरुजींनी मोबाइल काढला. शेटांसाठी याहून चांगला फोटो मिळणार नव्हता.

गाणं सुरू झालं. सॅमने गुडघ्यावर बसून अक्षयाच्या खांद्यावर हात टाकला आणि डोळे मिटून 'हो बेबी' घेतलं. अक्षयाच्या प्रश्नपत्रिकेत विज्ञानाचा, गळ्याच्या थरथरीचा प्रश्न अजून राहिला होता. तिने शांतपणे दोन बोटं सॅमच्या गळ्यावर ठेवली. मग जरा खाली ठेवली. मग दुसऱ्या बाजूला. तिने गुरुजींकडे बघून तोंड उघडलं, तसं साउंडवाल्याला वाटलं पोर आता काहीतरी गोड बोलणार, म्हणून त्याने तत्परतेने सॅमच्या हातातला माइक उघडला.

"गुरुजी, हेंचो गळो थरथरणा नाय."

सगळ्या किनाऱ्याने ऐकलं. सॅम दचकून म्हणाला, "अगं, हो बाजूला," आणि तेही सगळ्यांनी ऐकलं. कारण त्याच वेळी स्पीकरमधला सॅम सुरात 'नो बेबी' म्हणत होता. एका माणसाचे दोन आवाज! रात्र रात्र दशावतारात राजाला स्वतःच्या गळ्याने गाताना ऐकलेली माणसं ती. ती हसायचं की भांडायचं या विचारात असतानाच बाबली मास्तर, जे स्वतः दशावतारात पेटी वाजवायचे, खुर्चीवर चढले.

"अरे, हो गाता खंय? हो नुसतो तोंड हलयता!"

मग जे व्हायचं ते झालं. पैसे परत मागणाऱ्यांची रांग हॉटेलापर्यंत गेली आणि सॅम स्टेजमागून निसटून गाडीत बसला. त्या गोंधळात गुरुजींना क्षणभर फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगा? इतक्या वर्षांच्या नोकरीत आपण शिकवलेलं कोणीतरी खरोखर वापरताना ते पहिल्यांदाच बघत होते. छाती भरून आली होती. तेवढ्यात जयरामशेट समोर आले आणि छाती रिकामी झाली.

शेट ओरडले नाहीत. ते म्हणाले, "गुरुजी, सोमवारी मी शाळेत येतंय, मोबाइल घेवन, व्हिडिओ काढूक. त्या चेडवान, अक्षयान, सांगाक होया, माझो हात चुकलो म्हणान. नायतर शाल दुसऱ्याच्या खांद्यार."

गुरुजींच्या डोळ्यांसमोर बाहेरच्या खोलीतला फोटो आला. साडू त्यात नेहमीपेक्षा जास्तच हसत होते.

सोमवारी शेट यायच्या आधी गुरुजींनी विज्ञानाचा तास घेतला. काही मोठ्या कलाकारांचा आवाज इतका तयार झालेला असतो, की त्यांचा गळा थरथरत नाही, असं त्यांनी फळ्याकडे तोंड करून सांगितलं. अक्षयाचा हात चुकीच्या जागी पडला होता आणि पाहुण्यांना तिने तसंच सांगायचं होतं. अक्षयाने थोडा विचार केला आणि नेहमीसारखं बोट वर केलं.

"गुरुजी, परीक्षेक हो प्रश्न इलो तर खरा लिवचा, काय तुमचा?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. बाहेर शेटांची गाडी वळत होती.

"परीक्षेत खरं लिही," ते हळूच म्हणाले. "शेट विचारतील तेव्हा माझं."