मंगळवारची पाहणी

डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर ‘संपूर्ण विश्रांती’ असं लिहिलेलं होतं आणि नकाशेभाऊ दारात उभे राहून गळ्यात कॅमेरा अडकवत होते.

"निदान जिन्यात तरी जरा वाकून चाला," बायको म्हणाली. "शेजारच्या काकू काल विचारत होत्या, यांची पाठ धरलीय म्हणता आणि पायऱ्या तर दोन-दोन गाळून उतरतात."

"सांग त्यांना, चढताना दुखते."

नकाशेभाऊ पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. चोवीस वर्षं तेच काम, म्हणून ऑफिसात नावही तेच पडलं होतं. शहरातल्या कुठल्या गल्लीखालून किती इंची पाइप गेलाय हे ते झोपेतही सांगत. पण त्या गल्लीत पाइपाच्या वर काय आहे, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मेव्हण्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना यांना देऊन टाकला, तेव्हा ही गोष्ट त्यांच्या मनाला पहिल्यांदा लागली. त्यांनी ठरवलं, या उन्हाळ्यात शहर पाहायचं. रोज एक वस्ती.

पण उन्हाळ्यात पाणी खात्यात कुणाला रजा मिळत नसे. नळ थंड आणि टेलिफोन गरम, असे ते दिवस असतात. त्यात मोठे साहेब कडक. साठी जवळ आली तरी केस शाईसारखे काळेभोर, आणि चेहऱ्यावरची इस्त्री कधी मोडली नाही. साहेबांना हसताना पाहिलेला माणूस ऑफिसात सापडला नसता. मग नकाशेभाऊंनी पाठ काढली. अर्ज हातात, दुसरा हात कमरेवर, अंग काटकोनात, असे ते केबिनमध्ये शिरले आणि तीनदा कण्हले. साहेबांनी चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं आणि महिनाभराची रजा मंजूर केली.

सही करता करता एवढंच म्हणाले, "खोटी रजा घेतलेला एक जण गावाबाहेरच्या पंपघरात आहे. सहा वर्षं झाली. तिथे बस जात नाही."

नकाशेभाऊ चौथ्यांदा कण्हले, ते मात्र मनापासून.

पण एकदा रस्त्यावर उतरल्यावर पंपघराचा विसर पडला. पहिल्या दिवशी त्यांनी कापूस पिंजणाऱ्यांची गल्ली टिपली आणि संध्याकाळी घरी आले ते आजोबांसारखे पांढरे होऊन. दुसऱ्या दिवशी एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेली लाल चादर त्यांना फार आवडली. नेम धरून उभे राहिले, तोच वरून एक बाई ओरडल्या, "थांबा हो, थांबा! तेवढी चादर काढते, मग चांगला येईल फोटो." बाईंनी चादर काढली, केस विंचरले आणि सासूलाही बाहेर आणून बसवलं. जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याने पासपोर्ट साइज फोटो काढून घेतला आणि वर बजावलं, "कान दोन्ही आले पाहिजेत."

दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, ते नदीपलीकडच्या वस्तीत गेले. एका सलूनमधून हसण्याचा एवढा गदारोळ ऐकू येत होता की रस्त्यावरची माणसंही उगीच हसत होती. नकाशेभाऊंनी दारातून पाहिलं. आत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. मधोमध एक गिऱ्हाईक, डोक्यावर काळ्या कलपाचा जाड थर, गळ्याला पांढरं कापड, आणि तोंड कानापर्यंत फाकलेलं. ते खुर्चीतून उठून, वाकून काहीतरी करून दाखवत होतं आणि सगळं दुकान लोटपोट झालं होतं. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा बरोबर त्याच्यावर पडला होता. नकाशेभाऊंना तो पट्टा तेवढा दिसला. त्यांनी बटण दाबलं.

सलूनवाल्याला कबूल केल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात त्यांनी त्या फोटोची पोस्टकार्डाएवढी प्रत नेऊन दिली. तो इतका खूश झाला की त्याने ती त्याच दिवशी वाचनालयात नेऊन दिली. तिथे ‘आपल्या शहराचे चेहरे’ म्हणून प्रदर्शन भरणार होतं. दोन दिवसांनी ग्रंथपाल बाईंचा फोन आला, "तुमचा फोटो निवडला आहे. मोठा छापायचा आहे, मूळ फाइल पाठवा." नकाशेभाऊंनी फाइल पाठवली आणि घरभर नाचले.

"पाठ!" बायको म्हणाली. "खाली ऐकू जातंय."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते फोटो पाहायला वाचनालयात गेले. सहा फुटी फोटो दारासमोरच लावला होता. ऊन छान आलं होतं. सलूनवाला छान आला होता. मग त्यांची नजर मागच्या खुंटीवर गेली. खुंटीला एक शर्ट होता, शर्टाला ओळखपत्र होतं, आणि सहा फुटांत ते स्वच्छ वाचता येत होतं. खात्याचं नाव, साहेबांचं नाव, हुद्दा आणि रक्तगट.

नकाशेभाऊंनी हळूच त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मनातल्या मनात त्याला चष्मा लावला, कलप पुसला, हसू पुसलं. साहेबच! दर मंगळवारी ऑफिसच्या फळ्यावर ‘साहेब: जलाशयाची पाहणी’ असं लिहिलेलं असे.

"बाई, हा फोटो काढा," ते ग्रंथपाल बाईंना म्हणाले.

"काढू? अहो, सगळं प्रदर्शन याच्यावर उभं आहे."

"मग कोपऱ्यात लावा. आलमारीमागे."

"उद्या प्रमुख पाहुणे याच्यासमोरच बोलणार आहेत. आमच्याकडे चार महिने पाण्याचा थेंब नाही, म्हणून मुद्दाम पाणी खात्याच्या मोठ्या साहेबांना बोलावलंय."

पंपघर, आणि तिथून पायी घर, असा सगळा रस्ता नकाशेभाऊंच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. "बाई," ते कसंबसं म्हणाले, "निदान झाका तरी. एखादा पडदा टाका वरून."

बाईंचे डोळे चमकले. "पडदा! वा! हे कसं सुचलं नाही मला? उद्घाटन म्हणजे नुसतं भाषण थोडंच? साहेबांच्याच हस्ते पडदा ओढू!"

दुसऱ्या दिवशी नकाशेभाऊ कमरेवर हात ठेवून, काटकोनात वाकून सभागृहात शिरले. बायकोने कोपर धरलं होतं. आजारी माणसाला डॉक्टरांनीच मन रमवायला पाठवलं, असं सांगायचं दोघांनी ठरवलं होतं. साहेब आपल्या पत्नीला, बाईसाहेबांना, घेऊन आले. सलूनवाला नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. साहेबांनी त्याला पाहिलं आणि भाषणाची दोन पानं एकदम उलटली. शेवटी पाण्याचं आश्वासन देऊन त्यांनी पडदा ओढला.



साहेब फोटोकडे पाहत राहिले. मग पुढे वाकून त्यांनी ओळखपत्र वाचलं. आपलंच आहे याची खात्री झाल्यावर हळूहळू सरळ झाले.

"मंगळवार ना हा?" बाईसाहेबांनी फोटोत मागे दिसणाऱ्या सलूनच्या तारखेच्या कॅलेंडरवरून ताडलं. "जलाशय बराच आटलेला दिसतोय."

बाईसाहेब फोटोच्या अगदी जवळ गेल्या. "आणि हे काय? दात? एकतीस वर्षांत मी यांचे एवढे दात एकदम पाहिले नाहीत." त्या सलूनवाल्याकडे वळल्या. "काय सांगितलंत हो तुम्ही यांना एवढं?"

"मी कुठला सांगतोय, ताई!" सलूनवाला उठला. "साहेबच सांगतात. दर मंगळवारी ऑफिसातल्या एकेकाची नक्कल करतात. लोक दाढी करून आलेले असले तरी परत येऊन बसतात. यात तर त्यांची फर्मास नक्कल चाललीय, पाठदुखीवाल्याची! कमरेवर हात ठेवून रजा मागायला येतो ना, तो!"

सगळ्यांनी फोटोत पाहिलं. वाकलेला माणूस, हात कमरेवर. मग कुणाची तरी नजर दारापाशी गेली. तिथे नकाशेभाऊ उभे होते, वाकलेले, हात कमरेवर. एकेक मान तिकडे वळली, परत फोटोकडे गेली, परत तिकडे आली. बायकोने कोपर सोडून दिलं आणि पदर तोंडात कोंबला.

नकाशेभाऊ हळूहळू सरळ झाले. चोवीस दिवसांत प्रथमच साहेबांसमोर.

साहेब त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "फोटो तुम्ही काढलात?"

"हो, साहेब."

"कण्हणं किती वेळा होतं? मी चार धरलं."

"चारच, साहेब. चौथं खरं होतं."

"तरीच ते मला जमत नव्हतं." साहेबांनी बाईसाहेबांकडे एक चोरटी नजर टाकली. "रजा किती उरली?"

"सहा दिवस. पण मी उद्याच हजर होतो, साहेब. पंपघराला जायचं असलं तरी..."

"काही नको. डॉक्टरांनी संपूर्ण विश्रांती सांगितलीय. ती पूर्ण करा." मग आवाज एकदम खाली आला. "आणि फळ्यावर जे लिहितात, त्याबद्दल ऑफिसात..."

"मी नकाशे काढतो, साहेब. मला जमिनीवरचं काही दिसत नाही."

हे असं मिटलं असतं, पण बाईसाहेबांच्या मनातून मिटलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी साहेब सलूनमध्ये पोचले तेव्हा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बाईसाहेब बसल्या होत्या. दुकान खचाखच भरलं होतं. नकाशेभाऊ कॅमेरा घेऊन आरशाच्या कडेला उभे होते. सलूनवाल्याने त्यांना मुद्दाम निरोप धाडला होता.

"या," बाईसाहेब म्हणाल्या, "आज तुम्ही बसा. तुमच्या नकला ऐकल्या मी यांच्याकडून. आता एक माझी बघा."

त्या उठल्या. सलूनवाल्याचं कापड खांद्यावर टाकलं, चेहरा दगडासारखा केला, हवेतला एक पडदा ऐटीत ओढला, आणि मग पुढे वाकून, चष्मा वर-खाली करत, अक्षर अक्षर लावत स्वतःचा रक्तगट वाचू लागल्या.

बाकावरचे दोघे हसता हसता जमिनीवर आले. एकाची अर्धी दाढी तशीच राहिली. सलूनवाला वस्तरा बाजूला ठेवून भिंतीला टेकला. साहेब तेवढे कलपाची वाटी हातात घेऊन गंभीर बसले होते.

"मी एवढा वाकलो नव्हतो," ते म्हणाले.

त्यावर तर बाहेर रस्त्यावरची माणसंही हसली. नकाशेभाऊंनी त्या दिवशी चाळीस फोटो काढले. ऊन चांगलं होतं, माणसं चांगली होती, सगळं जुळून आलं होतं. घरी येऊन पाहिले, तर एकूण एक फोटो हललेले.