सेक्रेटरींनी सेक्रेटरींवर बजावलेली नोटीस

भांडुपच्या नवसहवास सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी एका मोटारीतलं जुनं तेल काढण्यात आलं. नवं तेल घालायला जो विलंब झाला त्याबद्दल आजूबाजूच्या इमारतींत बरंच उलटसुलट बोललं जातं. म्हणून झालं ते रीतसर सांगून टाकलेलं बरं.

मोटार चंद्रप्रकाश परबची. पांढरी मारुती, नंबर लावून वाट बघून बघून मिळालेली आणि इमारतीतली पहिलीच. चंद्रप्रकाशचे वडील बाळा परब यांनी उभा जन्म गिरणीत घालवला आणि संपानंतर जे घरी बसले ते बसलेच. गाडी आल्यापासून म्हातारबांनी एकच धोशा लावला होता की शुक्रवारी गावच्या देवीची जत्रा आहे, तिला गाडीनेच जायचं. देवीचं दर्शन हे चारचौघांत सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे चुलतभाऊ दशरथ. गिरणी सुटल्यावर म्हातारबा गावी गेले तेव्हा या दशरथाने भर देवळात विचारलं होतं, "मुंबयत रवान काय केलंस?" प्रश्न साधा होता, पण म्हातारबांच्या जिव्हारी लागला तो कायमचा.

"दशरथाच्या दारावरसून गाडी व्हर," त्यांनी मुलाला बजावून ठेवलं होतं. "थांबव नको. मी नुसतो हात करतलंय."

एवढ्या लांबच्या घाटरस्त्यावर जायचं तर गाडीची सर्व्हिसिंग हवी, आणि गॅरेजवाल्याने तारीख दिली ती जत्रेनंतरची. चंद्रप्रकाशचं तोंड उतरलेलं पाहून शेजारचे राजाराम घाडी म्हणाले, त्यात काय एवढं, रविवारी आपण घरीच करू. राजाराम घाडी म्हणजे संस्थेचे सेक्रेटरी. एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, पण तरुणपणी मामाच्या टॅक्सीखाली त्यांनी बरेच रविवार काढले होते आणि ते दिवस आठवले की त्यांचा चेहरा खुलायचा. शिवाय परब त्यांच्याच गावचे. गाववाल्याचं काम करायला घाडींना कधी कंटाळा नव्हता.

तर रविवारी सकाळी पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि भोकाभोकांचं बनियन अशा वेषात सेक्रेटरी मारुतीखाली शिरले. पुढची चाकं लाकडी फळ्यांवर चढवली होती. त्यांनी बोल्ट सोडून जुनं तेल डालड्याच्या डब्यात काढलं, बोल्ट परत घट्ट आवळला, चारही प्लग पॉलिशपेपरने घासून लख्ख केले, बॅटरीत पाणी घातलं. बाळा परब खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून काम दाखवत होते. आता फक्त विकत आणलेलं नवं तेल इंजिनात ओतायचं बाकी होतं. फार तर पाच मिनिटांचं काम.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे भीमराज शिरसाट दुधाच्या पिशव्या घेऊन फाटकातून आत आले. हे टेलिफोन खात्यात होते. गाडीपाशी ते थांबले आणि त्यांनी विचारलं, "घाडीसाहेब, आवारात दुरुस्ती चालते का आता? नियम बदलला असेल तर बरंच झालं. माझ्या स्कूटरचा क्लच बघायचाय."

याच्यामागे थोडा इतिहास होता. गेल्या पावसाळ्यात शिरसाट जिन्याखाली स्कूटरचा प्लग साफ करत बसले असताना घाडींनी छत्री उघडून खाली येऊन त्यांना फाटकाबाहेर काढलं होतं. दुसऱ्याच दिवशी फलकावर नियम लागला, की संस्थेच्या आवारात कोणत्याही वाहनाची कोणतीही दुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे, आदेशावरून, रा. बा. घाडी, सेक्रेटरी. शिरसाट भर पावसात नाक्यापर्यंत स्कूटर ढकलत गेले होते. तेव्हापासून प्रत्येक वेळी ते तसंच करत.

घाडी गाडीखालून बाहेर आले. त्यांनी लबाडी केली होती असं कोणी समजू नये. नियम त्यांना खरोखरच आठवला नव्हता. तो लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर शिरसाटांची स्कूटर होती, आणि मारुती तर तेव्हा इमारतीत आलीच नव्हती. पण आता फलक समोर होता आणि त्याखाली सही त्यांचीच होती. त्यांचे कान लाल झाले.

"नियम बदललेला नाही," ते म्हणाले.

शिरसाटांनी एकदा उघड्या बॉनेटकडे पाहिलं, एकदा म्हातारबांकडे. "जाऊ द्या हो, तेल टाका," ते म्हणाले. "मी चाललो वर. मी काही बघितलं नाही."

हे मात्र घाडींना फार लागलं. कोणी काही बघितलं नाही म्हणून नियम मोडणारा माणूस असं आपल्याला समजलं जावं? त्यांनी हात धुतले, वर जाऊन शर्ट घातला आणि संस्थेच्या लेटरहेडवर नोटीस लिहिली. सेक्रेटरी रा. बा. घाडी यांच्याकडून सभासद रा. बा. घाडी यांस. आपण आज रोजी आवारात वाहन दुरुस्त करताना आढळलात, तरी आपणांवर कारवाई का करू नये याचा खुलासा सात दिवसांत करावा. मग ते आपल्याच दाराबाहेर गेले, त्यांनी बेल वाजवली, पत्नी जानकीने दार उघडल्यावर नोटीस आत दिली, आणि मागोमाग आत येऊन पोचपावतीवर सही केली. परत खाली जाऊन त्यांनी बॉनेट बंद केलं आणि त्यावर कागदाची पट्टी चिकटवून संस्थेचा शिक्का मारला. वादग्रस्त वस्तू जैसे थे राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

चंद्रप्रकाश हबकला. पट्टी फाडून तेल ओतायला त्याचे हात शिवशिवत होते, पण त्याचा फ्लॅट अजून त्याच्या नावावर चढायचा होता आणि त्या कागदावरही घाडींचीच सही लागणार होती. त्याने हलक्या आवाजात सुचवलं की गाडी ढकलत फाटकाबाहेर नेऊ, तिथे नियम लागत नाही. शिरसाट तेवढ्यासाठी खाली आले आणि ढकलायला हात लावतो म्हणाले. घाडींनी दोघांनाही समजावलं, की अर्धवट दुरुस्त वाहन हलवणं हा दुरुस्तीचाच पुढचा भाग आहे. एका गुन्ह्याची चौकशी चालू असताना दुसरा करता येत नाही.

संध्याकाळी जानकीबाईंनी तोंड उघडलं. "अहो, आरोपी तुम्हीच ना? मग आजच खुलासा देऊन टाका, आणि माफ करून मोकळे व्हा."

"असं कसं? आरोपीला पूर्ण मुदत मिळाली पाहिजे."

"आरोपीला नकोय मुदत."

"आत्ता देईल तो खुलासा दबावाखालचा धरला जाईल," घाडी म्हणाले. "आणि अशा खुलाशावर मी तरी विश्वास ठेवणार नाही."

मंगळवारी बाळा परब स्वतः जिना चढून आले. धाप कमी होईपर्यंत ते दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "राजाराम, पाच मिन्टांचा काम आसा रे. पुढच्या जत्रेक मी आसंय की नाय, कोणाक म्हायत?"

घाडींनी त्यांना बसायला खुर्ची दिली. परबांना ते लहानपणापासून ओळखत होते, त्यांच्या खांद्यावर बसून त्यांनी हीच जत्रा पाहिली होती. एरवी ते त्यांच्याशी मालवणीतच बोलायचे. पण सेक्रेटरी म्हणून त्यांना मालवणी येत नव्हती. "बाळाकाका, भावना समजू शकतो," ते म्हणाले. "परंतु आज तुमच्यासाठी सवलत दिली तर उद्या तिसऱ्या मजल्यावरचे काय म्हणतील? पायंडा पडेल."

तिसऱ्या मजल्यावरचे काहीच म्हणत नव्हते. पण एव्हाना इमारतीला कारण सापडलं होतं. नळावर, गच्चीवर, वाण्याकडे एकच चर्चा होती, की सगळं नीट चाललं होतं, या शिरसाटाला नाक खुपसायची काय गरज होती? त्याला जत्रेचं काय माहीत? पुरुष मंडळी जिन्यात शिरसाटांना वाट द्यायची, पण मान हलवायची नाहीत. शिरसाटांची बायको द्रौपदी हळदीकुंकवाला इमारतीत दोन दारांवर जाऊन आली, तिथे तिला बसा असं कोणी म्हटलं नाही. घाडींना मात्र कोणी एका शब्दाने बोललं नाही. उलट लोक हळहळले, की केवढ्या पेचात सापडला बिचारा भला माणूस.

गुरुवारी पहाटे बाळा परब एसटीने गावी गेले. दशरथाच्या दारावरून ते खांद्याला पिशवी लावून चालत गेले. दशरथाने पडवीतून हाक मारून "एष्टीन इलस मां?" एवढंच विचारलं आणि चहाला बोलावलं. चहा घेताना गाडीचा विषय निघाला नाही. म्हातारबांनीही काढला नाही. काढला तर तेल कुणी थांबवलं तेही सांगावं लागलं असतं, आणि घाडीचं गावातलं घर तिथून दिसत होतं.

रविवारी मुदत संपली. घाडींनी खुलासा दिला, स्वतःच वाचला, असमाधानकारक ठरवला आणि स्वतःला सक्त ताकीद दिली. मग रीतसर परवानगीने गाडी फाटकाबाहेर ढकलण्यात आली. ढकलायला शिरसाटही होते. नवं तेल घातलं गेलं, पाच मिनिटं लागली. चंद्रप्रकाशने बाबांना जरा नाक्यापर्यंत फिरून येऊ म्हटलं. गावाहून परतलेले म्हातारबा गॅलरीत बसले होते. "नको," ते म्हणाले. "नाक्यार माझा कोण आसा?"

प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर संस्थेने राजाराम घाडी यांचा निःपक्षपातीपणाबद्दल शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. स्वतःवर नोटीस बजावणारा सेक्रेटरी भांडुपात नाही, असं अध्यक्ष म्हणाले. घाडींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. टाळ्या बराच वेळ चालल्या. शिरसाट मागे भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

नियम कुणी लिहिला, विसरला कुणी, गाडीला शिक्का कुणी मारला, हे सगळं तुमच्यासमोर आहे. त्या माणसाने फक्त एक प्रश्न विचारला होता. तरीही खरं सांगा, दुधाच्या पिशव्या घेऊन तो गाडीपाशी थांबला तेव्हा तुमच्याही मनात आलंच ना, की हा आत्ताच कशाला कडमडला?