पाच नंबरचं घड्याळ

श्यामकांत आठल्यांनी हात वर केला तो निव्वळ एक प्रश्न विचारायला. रविवारच्या पोहण्याच्या स्पर्धा अंधार पडायच्या आत संपतील ना, एवढाच तो प्रश्न होता. चंदीगडला बदली झाल्यापासून तीन वर्षांत हा प्रश्न त्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात, ऑफिसच्या निरोप समारंभात, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आणि एका लग्नात खुद्द नवरदेवाला विचारला होता. पण नेमकं त्याच क्षणी कोच रघुवीर सरांनीही काहीतरी विचारलं होतं. रविवारी पंजाब बंद आहे, लुधियाना-जालंधरचे टाइमकीपर येऊ शकणार नाहीत, तर पालकांपैकी स्टॉपवॉच कोण धरेल? आणि तलावाकाठच्या चाळीस पालकांत एकच हात वर होता.

"व्हेरी गुड, आठल्ये जी!" रघुवीर सर म्हणाले.

हात खाली घ्यायचा की तसाच ठेवायचा, एवढंच काय ते ठरवायचं होतं. शेजारी बारा वर्षांची रागिणी ओल्या केसांनी उभी होती आणि बापाकडे चक्क कौतुकाने बघत होती. हा प्रकार घरात नवीन होता. श्यामकांतांनी हात तसाच ठेवला. त्यांचं बघून पलीकडून मिसेस संधूंनीही घाबरत घाबरत हात वर केला. (पुढे जे रामायण झालं त्यात या दोन हातांचाच हात होता.)

आता रागिणीचं सांगायला हवं. शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक एक मिनिट अडतीस सेकंदांच्या आत मारला तर तिची नॅशनलच्या टीममध्ये निवड होणार होती. आजवरचा तिचा सर्वांत चांगला टाइम त्याहून अर्ध्या सेकंदाने जास्त होता. पुढच्या वर्षी वयोगट बदलणार, ऑक्टोबरात श्यामकांतांची बदलीही होणार, तेव्हा जे काय व्हायचं ते या रविवारीच. त्या अर्ध्या सेकंदासाठी पोरगी वर्षभर पहाटे पाचला उठत होती, आणि तिला सोडायला श्यामकांत पावणेपाचला उठत होते. ते स्वतः दापोलीचे. समुद्राच्या इतक्या जवळ जन्मून घोट्याच्या वर कधी पाण्यात गेले नव्हते, त्यामुळे मुलीच्या प्रत्येक सुराला त्यांचा श्वास अडकायचा आणि ती वर आली की मगच सुटायचा.

पण श्यामकांतांची खरी अडचण निराळीच होती. नॅशनल होती केरळात. म्हणजे इथून गाडीने अंबाला, दिल्ली आणि पुढे अडीच दिवस. सकाळचं वर्तमानपत्र उघडलं की कुठे अतिरेक्यांनी बस थांबवली, कुठे गाडी अडवली, हेच पहिल्या पानावर. शेजारच्या सेक्टरात मुलगी भाजी आणायला गेली तरी हे गॅलरीत उभे राहायचे, आणि तिला केरळात एकटी पाठवायची? म्हणून ते रोज देवासमोर हात जोडून म्हणायचे, "देवा, पोरीला यश दे." आणि देवघरातून बाहेर पडता पडता पुटपुटायचे, "पण एवढी घाई नाही."

सरांनी दिलेलं स्टॉपवॉच जुनं, चावीचं होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळापेक्षा मोठ्याने टिकटिकत होतं. वरची एकच कळ. एकदा दाबली की सुरू, दुसऱ्यांदा बंद, तिसऱ्यांदा काटा शून्यावर. श्यामकांतांनी शनिवारी दिवसभर सराव केला. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर मोजलं, दूध उतू जायला लागणारा वेळ मोजला. (दूध उतू गेलं.)

"अहो, गॅस बंद करायचा होता, घड्याळ नव्हे," सुनेत्राबाई ओटा पुसत म्हणाल्या.

"अगं, एका सेकंदावर पोरीचं आयुष्य आहे!"

"तिचं नाही हो, तिचं सगळं नीट चाललंय. तुमचंच काय ते बघा."

रविवारी सकाळी रागिणीला मागे बसवून श्यामकांतांनी स्कूटर काढली. चौकातल्या नाक्यावर वाळूच्या पोत्यांमागे जवान उभे होते. ते रोजचेच, पण आज बंद असल्याने जास्त होते. एका धिप्पाड जवानाने हात दाखवून स्कूटर थांबवली, आणि सगळं शांत झाल्यावर श्यामकांतांच्या गळ्यातल्या पिशवीतून स्पष्ट आवाज आला. टिक टिक टिक टिक.

जवान एक पाऊल मागे सरला. "थैले में क्या है?"

"टाइम," श्यामकांत म्हणाले.

"क्या?"

"म्हणजे, वो... टाइम लगाया है. बच्ची के लिए."

मागच्या दोन जवानांनी बंदुका सावरल्या. रागिणीने कपाळावर हात मारला. "बाबा, प्लीज़, आप बोलो मत! भैया, स्टॉपवॉच है. आज मेरा स्विमिंग का कॉम्पिटिशन है."

"निकालो. धीरे से. बंद करो इसे."

श्यामकांतांनी कळ दाबली. घड्याळ थांबलं. थांबलंय याची खात्री करायला त्यांनी ती पुन्हा दाबली. काटा शून्यावर गेला. आता नक्की बंद आहे हे जवानाला दाखवायला त्यांनी ती तिसऱ्यांदा दाबली, आणि घड्याळ सुरू झालं. हे असं तीन वेळा झालं. शेवटी रागिणीने हात लांब करून ते बंद केलं. जवानाने श्यामकांतांकडे, मग रागिणीकडे पाहिलं आणि त्याच्या मिशीत हसू आलं.

"जा बेटी, जीत के आ. और बाबूजी का ध्यान रखना."

तलावावर मुख्य पंच होते निवृत्त कर्नल ग्रेवाल. दर लेनला तीन घड्याळं असायची ती आज एकेकच होती. सुरुवातीला पिस्तूल वाजवायलाही परवानगी नव्हती, त्या दिवसांत चंदीगडात हौसेने बार कोण उडवणार? तेव्हा शिट्टी. बाकीच्या पालकांना दोरीपलीकडे, लांब मांडवात बसवलं होतं. कर्नलसाहेबांचा एकच नियम होता. कोणताही पालक स्वतःच्या मुलाच्या लेनला उभा राहणार नाही. पक्षपात नको. रागिणीला चार नंबरची लेन आली, तिथे घड्याळ घेऊन मिसेस संधू. त्यांच्या जसलीनला पाच नंबर, तिथे श्यामकांत. बाकी लेनला चंदीगडचेच टाइमकीपर होते, आपापल्या लेनकडेच बघणारे.

मिसेस संधूंचे यजमान, जिथे दहशत सर्वांत जास्त त्या तरनतारनला, सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. दर शनिवारी घरी येत, आणि ते येईपर्यंत या फाटकात उभ्या असत. या शनिवारी बंदमुळे आले नव्हते. बाईंचे डोळे सुजलेले होते.

"भाईसाहब, मुझसे तो अंडा भी टाइम पर नहीं उबलता," त्या हळूच म्हणाल्या.

"कुछ नहीं, बहनजी. एक बार दबाना, फिर दबाना. बस," श्यामकांत अनुभवी माणसाच्या थाटात म्हणाले. त्यांच्या तळहातांना इतका घाम सुटला होता की घड्याळ दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा निसटू नये म्हणून त्यांनी त्याचा दोर गळ्यात अडकवला.

शिट्टी वाजली. सहाही मुली पाण्यात गेल्या. श्यामकांतांनी कळ बरोबर दाबली, एकदाच. आता फक्त पाच नंबरकडे बघायचं होतं. त्यांनी ते केलंही, साधारण दहा सेकंद. मग शेजारच्या लेनमध्ये रागिणीची पिवळी टोपी वर आली, खाली गेली, वर आली, आणि श्यामकांतांचा श्वासही तिच्याबरोबर वर-खाली सुरू झाला. ती पलीकडच्या भिंतीला वळली. परत निघाली. शेवटच्या वीस मीटरला तिचे हात जड झाल्याचं त्यांना दिसलं आणि त्यांचे स्वतःचेच खांदे दुखायला लागले. चल गं, चल गं, चल गं. तिने भिंतीला हात लावला. श्यामकांतांनी कळ दाबली.

एक मिनिट सदतीस सेकंद आणि वर आठ!

झालं! पोरीने मारलं! त्यांनी डोळे पुसले आणि मग त्यांना पाच नंबर दिसला. जसलीन अजून भिंतीपासून तीन हात लांब होती, आणि तिचं घड्याळ श्यामकांतांच्या हातात केव्हाच थांबलेलं होतं.

एवढ्यात कोणीतरी त्यांच्या हातातून वेळ लिहायचं कार्ड घेऊन, घड्याळात बघून आकडा लिहूनही टाकला. कर्नलसाहेबांनी शर्यतीचा शेवट पाहिलाच नव्हता. चारच्या आत तलाव रिकामा करा, असं सांगायला आलेल्या पोलीस इन्स्पेक्टरशी ते पाठमोरे बोलत होते. दोन मिनिटांत लाउडस्पीकरवर निकाल आला. लेन पाच, जसलीन संधू, एक सदतीस आठ, नॅशनलसाठी पात्र. लेन चार, रागिणी आठल्ये, एक चाळीस दोन.

"मैं?" जसलीन किंचाळली.

"पर मैं पहले पहुँची थी!" रागिणी म्हणाली.

"हाँ सर, ये पहले पहुँची थी," जसलीननेच सांगितलं.

कर्नलसाहेबांनी कार्डं हलवली. "बेटा, बच्चे कुछ भी बोलते हैं. घड़ी झूठ नहीं बोलती."

रागिणीने टॉवेल गुंडाळून घेतला. रडली मात्र नाही. तिने बापाकडे पाहिलं. श्यामकांतांच्या मनात त्या वेळी काय आलं ते सांगायला त्यांना पुढे कितीतरी वर्षं लाज वाटत असे. गप्प बसलो तर कोणाला कळणार नाही. केरळ नाही, गाडी नाही, अंबाला नाही. पोरगी घरात, डोळ्यांसमोर. ऑक्टोबरपर्यंत सुखाने झोप लागेल. देवाने दोन्हीपैकी दुसरी प्रार्थना ऐकली होती, आणि इतक्या नीट ऐकेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग त्यांना पावणेपाचचा गजर आठवला, जानेवारीतलं धुकं आठवलं आणि त्या धुक्यात तलाव बंद असूनही जमिनीवर पालथी पडून पाय मारण्याचा सराव करणारी पोरगी आठवली.

"कर्नलसाब," ते म्हणाले, "घड़ी झूठ नहीं बोलती. मैं बोला. म्हणजे, मैंने पाँच नंबर को देखा ही नहीं. मैं मेरी बेटी को देख रहा था. उसने हात लगाया, मैंने दबाया."

हे ऐकून मिसेस संधू रडायलाच लागल्या. "सरजी, मैं वी! मैं ते जस्सी नूं ही वेख रही सी. चार नंबर कित्थे सी, मैनूं की पता! रब दा शुकर है जी, मैं ते एस कुड़ी नूं केरल भेजण दे डर नाल मर चली सी!" म्हणजे त्यांनीही चार नंबर सोडून आपल्या जस्सीलाच पाहिलं होतं, आणि तिला केरळला पाठवायच्या भीतीने त्या अर्धमेल्या झाल्या होत्या.

कर्नलसाहेबांनी डोकं धरलं. दोन्ही वेळांची अदलाबदल केली की हिशेब चोख जुळत होता, पण तसं नुसतं तोंडी कसं चालेल? "लिख के दो," ते म्हणाले. "दोनों."

लिहिणं हे मात्र श्यामकांतांचं राज्य. वीस वर्षं केंद्र सरकारात मसुदे केलेला माणूस तो. त्यांनी मांडवाच्या खांबावर कागद टेकवून लिहिलं की, खाली सही करणाराने नेमून दिलेल्या लेनकडे शर्यतीच्या महत्त्वाच्या काळात एकदाही पाहिलेलं नसून, सदर कामास तो सर्वस्वी अपात्र असल्याचं तो शपथपूर्वक नमूद करत आहे. इतका निर्दोष मसुदा त्यांच्या हातून आजवर झाला नव्हता. खाली मिसेस संधूंनी "सेम" असं लिहून सही केली.

रागिणीची निवड झाली. तिने बापाच्या पोटाला ओलीचिंब मिठी मारली. कर्नलसाहेब कागदाची घडी करत म्हणाले, "आठल्ये जी, टीम के साथ एक पेरेंट भी जाता है, नज़र रखने के लिए. आपकी नज़र तो बेटी से हटती ही नहीं. आप ही चलिए. सरकारी पास मिलेगा."

हे श्यामकांतांच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणजे पोरगी केरळला जाणार, आणि आपण बरोबर! अंबाल्याला आपण, दिल्लीला आपण, प्रत्येक स्टेशनवर खिडकीशी आपण! तीन वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी अलगद उचलून नेला. त्यांना एकदम हलकं वाटलं. रागिणी ओला टॉवेल त्यांच्याकडे देऊन कपडे बदलायला गेली, आणि ते शीळ घालत (होय, शीळ) स्कूटरकडे आले.

रस्ताभर ते बोलत होते. रागिणी, आईला मी सांगणार हं, तू मध्ये बोलू नकोस. रागिणी, दशम्या घेऊ, तीन दिवस टिकतात. रागिणी, केरळात मी पण पोहायला शिकेन म्हणतो. पोरगी उत्तर देत नव्हती. दमली असेल बिचारी, असं म्हणून त्यांनी स्कूटर सावकाश घेतली. नाक्यावर तोच धिप्पाड जवान होता.

"क्यों बाबूजी, बेटी जीती?"

"नॅशनल!" श्यामकांत ओरडले. "सीधा नॅशनल! और मैं साथ जा रहा हूँ, उसका ध्यान रखने!"

"वाह!" जवानाने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "बेटी है किधर?"

श्यामकांतांनी वळून बघितलं. मागच्या सीटवर ओला टॉवेल होता.

जवानाच्या सगळं लक्षात आलं. श्यामकांतांच्या गळ्यात अजून लटकत असलेलं, परत करायचं राहिलेलं स्टॉपवॉच त्याने काढून घेतलं आणि कळ दोनदा दाबली. "भागो, बाबूजी! मैं टाइम देखता हूँ."

रागिणी तलावाच्या फाटकात मिसेस संधूंचा हात धरून उभी होती. घाबरली वगैरे अजिबात नव्हती. ती मागे बसली. या खेपेला श्यामकांतांनी दर खांबाला मागे हात नेऊन ती आहे ना हे चाचपून पाहिलं.

नाक्यावर जवानाने कळ दाबून घड्याळ पुढे धरलं. "सात मिनट चालीस सेकंद."

रागिणीने ते घेतलं, नीट पाहिलं, काटा शून्यावर आणला आणि आपल्या पिशवीत ठेवलं.

"सॉरी, बाबा," ती म्हणाली. "आप क्वालिफ़ाय नहीं हुए. केरल मेरे साथ आई आएगी."