बिगर हॉर्नची गाडी

मशीनमधली लाल गाडी झाडावर आदळली, तीन कोलांट्या खाऊन परत रस्त्यावर उभी राहिली, आणि तिथंच पुंडलिकचं लग्न मोडलं.

खरं म्हणजे मोडायला ते अजून जमलंही नव्हतं. विशाखा आणि पुंडलिक यांचं आपसात ठरलेलं होतं, पण विशाखाच्या वडिलांनी, धोंडिबांनी, मान हलवली नव्हती. धोंडिबा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. अख्खी नोकरी पैठण रोडवर काढली आणि आपल्या चुकीनं गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, हे ते नाव सांगायच्या आधी सांगत. जावई कंपनीत असावा, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि या शहाण्यानं काय करावं? वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, खेड्यापाड्यातली माणसं धुऱ्यावरून उठून शिफ्टला लागत होती, आणि हा लागलेली नोकरी सोडून गुलमंडीच्या मागच्या बोळात व्हिडिओ गेमचं दुकान टाकून बसला. दुकानात एकच मोठं मशीन, मुंबईहून जुनं आणलेलं. बसायला खुर्ची, हातात स्टेअरिंग, बाजूला गिअर, पायात दोन पेडल आणि समोर काचेत पळणारा रस्ता. धोंडिबा म्हणाले, "बघू तरी काय धंदा हाय," आणि एक दिवस बघायला आले.

खुर्चीत बसून त्यांनी मफलर सैल केला. आरसा शोधला, तो नव्हता. मग स्टेअरिंगवरून तळहात फिरवला.

"हॉर्न कुठाय?"

"यात हॉर्न नसतो, मामा."

"मंग म्होरच्याला कळायचं कसं?"

"पुढचा माणूस खरा नसतो, मामा."

धोंडिबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुंडलिकला आपणही खरे नाही असं वाटायला लागलं. मग त्यांनी गाडी काढली. डाव्या बाजूनं, बेतानं. वळणावर गिअर उतरवला. मागून गाडी आली तर खिडकी नसतानाही उजवा हात बाहेर काढून तिला साइड दिली. पहिला टप्पा अजून लांब होता तेवढ्यात पडद्यावर गेम ओव्हर आलं आणि गाडी आपोआप थांबली.

"बंद का पडली?"

"टाइम संपला. वेळेत पोचला नाहीत."

"कुनाला धक्का लावला का मी?"

"नाही."

"मंग नापास कशापायी?"

इथं पुंडलिकनं गप्प बसायचं. पण नाही. सासऱ्याला धंदा समजावून सांगायची हौस. "थांबा, दाखवतो," म्हणून तो स्वतः बसला, पाय दाबला तो उचललाच नाही, आणि ते मघाचं झाड आलं.

"मेला का?" धोंडिबांनी विचारलं.

"कोण?"

"डायव्हर."

"नाही, मामा. बघा ना, निघाला परत."

"गाडीचं काय?"

"नवी कोरी."

"वर्कशॉप नाय? पंचनामा नाय? सस्पेंड नाय?"

"हा खेळ आहे, मामा. गाडी खरी वाटली पाहिजे, पण आदळणं खरं केलं तर पहिल्याच झाडाला माणूस घरी जाईल. परत कोण येईल?"

मागं मुंजाबा आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. हा पाचोडकडचा, घरी मेंढरं, स्वतः वाळूजला लेथवर. त्याला कोणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलला. "तात्या, कंपनीत दिसभरात एक जॉब बिघडला की सायेब आईबाप काढतो. इथं आदळलं तरी कुनी काय म्हनत नाय. म्या त्याच्यासाठीच येतो बघा."

"तुला बरं वाटावं म्हून झाडानं मऊ व्हायचं व्हय?" धोंडिबा म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतरापायी दंगल पेटली तवा मी पैठणहून गाडी आनत व्हतो. दोन्हीकून दगडं. ह्यो हात असा हॉर्नवर दाबून धरला आन गाडी आनली डेपोत. पन माझ्या कंडक्टरचा, अप्पारावाचा, डोळा गेला. तो डोळा काय परत उभा राह्यला न्हाई. जिथं आदळून काय व्हतच नाय ते बघून मानूस शिकंल काय? आन असल्या धंद्यावर मी पोरगी देऊ?"

पुंडलिकचा चेहरा पार उतरला. ते बघून धोंडिबांना थोडी दया आली असावी, कारण उठताना ते म्हणाले, "रविवारी मनकर्णाला आन विशाखाला घिऊन येतो. तवर हिला हॉर्न लाव. बिगर हॉर्नच्या गाडीत मी पोरीला बसवनार नाय. हॉर्न लाव, मंग बोलू."

बुडत्याला काडीचा आधार. पुंडलिक तडक मोंढ्यात गेला. तिथं त्याचा दोस्त बिरू ट्रकांचं वायरिंग करायचा.

"हॉर्न बसवतो," बिरू म्हणाला. "पन झाडाचं माझ्या हातात नाय. ते आत चिपमधी हाय."

बिरूनं जाफर गेटच्या भंगारातून हॉर्न आणला. साधासुधा नव्हे, मोडीत निघालेल्या एसटीचा. स्टेअरिंगच्या मधोमध बटण, मशीनच्या मागं ट्रकची बॅटरी. बॅटरी रविवार सकाळपर्यंत चार्जिंगला राहिली, त्यामुळे तो हॉर्न त्या बोळात कसा वाजतो हे बघायला कोणालाच सवड मिळाली नाही.

आता ते दिवस कसले होते हे सांगितलंच पाहिजे. नामांतर आज होणार, उद्या होणार, अशी हवा होती. चौकाचौकात बंदोबस्त. गावातल्या दुकानदारांचे डोळे गिऱ्हाइकाकडे आणि कान शेजारच्या शटरकडे. एक शटर धाडकन पडलं की दुसरं पडायचं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं. का पडलं हे कोणी विचारत बसत नसे, ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचं. आधी शटर, मग चौकशी, हीच रीत.

रविवारी धोंडिबा सहकुटुंब आले. जय भीम झाला, चहा झाला. मनकर्णाबाई स्टुलावर बसल्या, विशाखा आईच्या मागं उभी राहून पुंडलिककडे बघून हसली. त्याला वाटलं, जमलं. धोंडिबांनी बटण पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. पहिल्याच वळणावर त्यांनी ते दाबलं.

काय सांगावं. ज्या बोळात रिक्षा अंग चोरून शिरते, त्या बोळात एसटी गरजली. शेजारचे काकासाहेब बांगड्यांचं दुकान चालवत. त्यांच्या हातातला चुडा खाली पडून फुटला. बोळात एसटी येऊ शकत नाही, आणि आली असेल तर सरळ कारणानं आलेली नाही, एवढा विचार त्यांनी केला आणि शटर ओढलं. समोरच्या शिंप्यानं ओढलं. पलीकडच्या मिठाईवाल्यानं ओढलं. आवाज बोळातून गुलमंडीवर गेला, तिथून पैठण गेटकडे, तिथून औरंगपुऱ्याकडे.

आणि पुंडलिकनं काय केलं? शटरांचा आवाज ऐकून तो उठला आणि सवयीनं आपलंही शटर आतून खाली ओढलं. हे आपल्याच दुकानातून सुरू झालंय, हे त्या गाढवाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

"काय झालं वो?" मनकर्णाबाईंनी घाबऱ्या आवाजात विचारलं.

"काहीतरी झालंय," पुंडलिक म्हणाला. बाहेरून कोणीतरी पळत गेलं. "एसटी फोडली, एसटी," असं ओरडत गेलं.

ते ऐकून धोंडिबा खुर्चीत ताठ बसले. "घाबरू नका," ते म्हणाले. "मी हाय." आणि बायकामाणसांना धीर यावा म्हणून त्यांनी हात हॉर्नवर दाबून धरला. आत जसजसा धीर येत होता तसतसा बाहेर बाजार बंद होत होता. बाहेर जितकी पळापळ ऐकू येई, तितका धोंडिबांचा हात जोरात दाबला जाई.

आणि मग हातासोबत पायही दाबला गेला. दगड पडत असताना कोणी गिअर उतरवत नाही. गाडी कधी नव्हे ती सुसाट सुटली, वळण आलं आणि समोर झाड. धोंडिबांनी गच्च डोळे मिटले. तीन कोलांट्या. दुकानात फक्त हॉर्न.

डोळे उघडले तेव्हा लाल गाडी रस्त्यावर उभी होती. धोंडिबांचा हात हॉर्नवरून आपोआप निघाला.

"आतल्या मानसायचं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणाला काही झालं नाही, मामा."

"कुनालाच?"

"कोणालाच नाही."

धोंडिबा पडद्याकडे बघत राहिले. मफलरच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून परत पुसले. लक्ष सगळ्यांचं होतं, पण विशाखानं आईचा हात धरला आणि दोघी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात शटरवर काठी वाजली. हवालदार होता, आणि त्याच्या मागं काकासाहेबांसकट अर्धा बोळ. "एसटी कुठंय?" त्यानं विचारलं. पुंडलिकनं मशीनकडे बोट दाखवलं. हवालदारानं बटण दाबून खात्री करून घेतली, आणि त्या खात्रीच्या आवाजानं मोठ्या कष्टानं उघडलेली दोन शटरं परत पडली.

पुढचं काय सांगायचं. संध्याकाळपर्यंत मशीन बोळातून हललं पाहिजे, असं दुकानदारांनी एकमतानं ठरवलं. एरवी त्यांचं कशावर एकमत होत नसे. दुकान गेलं, नोकरी आधीच सोडलेली. पुंडलिक पायरीवर डोकं धरून बसला. आता विशाखाकडे बघायचीही त्याला लाज वाटत होती.

धोंडिबा त्याच्याजवळ येऊन उभे राहिले. "मशीन कुठं ठिवनार?"

"भंगारात घालतो, मामा."

"काही घालू नको. माझ्या पडवीत ठिव. हॉर्न तेवढा काढून टाक."

विशाखानं हळूच पुंडलिकला कोपर मारलं. याचा अर्थ होकारच, असं तिचंही मत पडलं. हातगाडीवरून मशीन धोंडिबांच्या पडवीत गेलं आणि पुंडलिक मुकाट्यानं परत कंपनीत लागला.

त्याला आता बरेच दिवस झाले. नामांतरही झालं, बंदोबस्त उठला, बोळातली शटरं रीतसर रात्री पडायला लागली. पुंडलिक दर सुट्टीला पेढे घेऊन जातो. अप्पारावही येतात, एक डोळा पडद्याला लावून मशीनशेजारी स्टुलावर बसतात. मनकर्णाबाई चहा देतात. विशाखा दाराशी उभी राहून वडिलांच्या पाठीकडे बोट करते, म्हणजे आज विचाराच.

"मामा," पुंडलिक म्हणतो, "तेवढी तारीख काढायची होती."

मामांचा पाय खाली दाबलेला असतो. वळणावर ते आता गिअर उतरवत नाहीत.

"थांब जरा," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणतात. "एवढ्या एका झाडावर आदळू दे."