गुरुवारी घेतलेला गॉगल

वहिनी तो नवस बोलल्या तेव्हा त्या दवाखान्यातल्या लोखंडी बाकावर बसल्या होत्या आणि समोर डोळ्यांचे डॉक्टर गप्प उभे होते. यजमानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे अगदी किरकोळ, चहा गार होईपर्यंत आटपणारं, असं झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं. ते आटपलंही. पण पुढे डोळ्यात पू झाला, डोळा लालभडक झाला, आणि एरवी भरभरून बोलणारे डॉक्टर नुसतं "बघू" एवढंच म्हणायला लागले. वहिनींनी तिथंच डोळे मिटले, हात जोडले आणि देवाला सांगितलं, "यांचा डोळा वाचव. वर्षभर दर गुरुवारी, उठल्यापासून दिवस मावळेपर्यंत, मी तोंडातून शब्द काढणार नाही. मी गप्प बसते, तू डॉक्टरांना बोलतं कर."

डॉक्टर बोलते झाले. डोळाही हळूहळू निवळला. त्या दिवसापासून वहिनींचा गुरुवार सुरू झाला.

(वहिनी म्हणजे बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्याच वहिनी. यजमान म्हणजे त्यांच्या एकटीचे. ते पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसत. लोकांचं ऐकून घ्यायचं आणि "असेल, असेल" म्हणायचं, हे त्यांचं काम. ते त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की घरीही ते तेवढंच म्हणत.)

व्रताचे नियम वहिनींनी स्वतःच ठरवले होते. बोलायचं नाही. लिहूनही दाखवायचं नाही, कारण लिहिणं म्हणजे कागदावरचं बोलणंच. देवाला असं फसवायचं नाही. हातवारे मात्र चालतात. ते का चालतात, याचं कारण विचारलं तर त्या म्हणत, "काहीतरी चालायला नको का? घर कसं चालेल?"

सगळं सुरळीत चाललं होतं. मग कार्यालयानं यजमानांची साप्ताहिक सुट्टी रविवारची बदलून गुरुवारची केली, आणि थोड्याच दिवसांत यजमानांच्या मनात स्कीइंग आलं.

"या वयात?" वहिनींनी विचारलं. (तो मंगळवार होता.)

"डोळा गेला असता तर काय काय बघायचं राहिलं असतं, याचा विचार करत होतो," यजमान म्हणाले. "बर्फाच्या उतारावरून खाली येताना कसं दिसतं, ते राहिलं असतं."

बर्फाचा डोंगर बसनं तीन तासांवर होता. नवशिक्यांसाठी तिथं लहान उतार होता, शिकवणाऱ्या बाई होत्या, पायाला लावायच्या स्की भाड्यानं मिळत. फक्त गॉगल आपला न्यायचा. वहिनी यजमानांना घेऊन आधी डॉक्टरांकडे गेल्या.

"जाऊ दे त्यांना," डॉक्टर म्हणाले. "पण गॉगल नीट बघून घ्या. बर्फावरून उजेड उलटून डोळ्यात जातो, आणि हा डोळा आता दुसऱ्यांदा बिघडला तर माझ्या हातात काही नाही. चष्म्यावरून बसेल असा मोठा घ्या. काच दुहेरी हवी, म्हणजे आत वाफ धरत नाही. आणि तिकडे कायम ढग असतात, तेव्हा काच फिकट पिवळी घ्या. काळी नको, काळ्यातनं ढगाळ हवेत खाच की खळगा काही दिसत नाही."

वहिनींनी एकेक शब्द मनात साठवला. यजमान त्या वेळी भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात बारीक ओळ आपल्याला वाचता येते म्हणून ती पुन्हा पुन्हा वाचत होते.

गॉगल आणायला जाऊ, जाऊ म्हणता बुधवार उजाडला. रात्रीच्या जेवणाला वहिनींनी सगळं परत सांगितलं. मोठा, दुहेरी, पिवळा. "असेल, असेल," यजमान म्हणाले. बस सुटायची होती गुरुवारी सकाळी, चौकातून. आणि चौकात बस थांबते तिथंच समोर खेळाच्या सामानाचं दुकान होतं. तेव्हा जाता जाता घेऊ, असं ठरलं.

दुकानात एक हसऱ्या बाई होत्या. गळ्यात हाताने विणलेला पिवळाधमक मफलर.

"कुणाला हवाय गॉगल?"

"मला," यजमान म्हणाले. "आज पहिल्यांदाच उतरणार."

"वा, वा. आणि ताईंना?"

"ती बोलत नाही."

बाईंचा चेहरा एकदम हळवा झाला. "अरेरे. जन्मापासून?"

"नाही, सकाळपासून."

बाईंनी भराभर गॉगल काढून काउंटरवर मांडले. वहिनी पुढे सरसावल्या. त्यांनी यजमानांच्या चष्म्याला बोट लावलं आणि मग त्याच्याभोवती हवेत एक मोठा गोल काढला.

"चष्मा काढा म्हणताहेत त्या," दुकानदार बाई म्हणाल्या.

यजमानांनी चष्मा काढला. वहिनींनी तो त्यांच्या नाकावर परत बसवला. यजमानांनी तो पुन्हा काढला. वहिनींनी पुन्हा बसवला.

"प्रेमळ आहेत हो," बाई म्हणाल्या.

चष्मा यजमानांच्या खिशात गेला. वहिनी दुसऱ्या मुद्द्याकडे वळल्या. पिवळं दाखवायला दुकानात दुसरं काही दिसेना, म्हणून त्यांनी बाईंच्या मफलरचं टोक धरलं, ते काचेपाशी नेलं आणि जोरजोरात मान डोलावली.

"हा विकायचा नाही हो ताई," बाई मफलर सोडवून घेत म्हणाल्या. "माझ्या नणंदेनं विणलाय. रोज घालून आले नाही तर विचारते."

वहिनींना घाम फुटला. (दुकानात चांगलंच गार होतं.) समोर एक गॉगल होता, काळाकुट्ट, वरून आरशासारखा चकचकीत. त्यांनी त्याच्याकडे बोट केलं, डोळे घट्ट मिटले, दोन्ही हात पुढे करून चाचपडत दोन पावलं चालल्या, स्टुलाला अडखळल्या आणि मग डोळे उघडून मानेनं ठासून नाही, नाही केलं.

"आलं लक्षात," बाई म्हणाल्या. "डोळ्यांवर तिरीप नको. मग हाच न्या. याच्याहून काळा आमच्याकडे दुसरा नाही."

वहिनींनी यजमानांकडे पाहिलं. यजमान तो काळा गॉगल डोळ्यांवर चढवून उभे होते. "तसंच म्हणतेय ती," ते म्हणाले. "असेल, असेल."

शेवटचा उपाय म्हणून वहिनींनी काच दुहेरी हवी हे दाखवायला दोन बोटं एकमेकांवर ठेवून नाचवली.

"दोन?" बाईंचा चेहरा उजळला. "जोडीनं घालणार. छान."

बाहेर बसचा हॉर्न वाजला, आणि दोघं दोन काळे गॉगल घेऊन बसमध्ये बसले. तीन तास वहिनी खिडकीतून बघत होत्या आणि मनातल्या मनात देवाला एकच सांगत होत्या, की आज ऊन पाड.

ऊन नव्हतं. डोंगरावर ढग इतके खाली आले होते की आभाळ कुठं संपतं आणि बर्फ कुठं सुरू होतो, ते चांगल्या डोळ्यांनाही कळू नये. यजमानांनी स्की बांधल्या, चष्मा वहिनींच्या हातात दिला, म्हणाले, "सांभाळ," आणि काळा गॉगल लावून, ज्या दिशेला माणसं असावीत असं वाटलं त्या दिशेला, उतारावर ओढून नेणारी दोरी धरून वर गेले.

वहिनी उताराच्या खाली, जाळीपाशी उभ्या राहिल्या. मुठीत चष्मा. शिकाऊ मंडळी एकामागून एक उतरू लागली. उताराच्या एका कडेला लाल काठी रोवलेली होती आणि तिच्या पलीकडे जमीन एकदम खाली जात होती, मोठ्या उताराकडे. जो तो काठीच्या बराच अलीकडे वळत होता. मग यजमान निघाले. गुडघे वाकलेले, स्कीच्या काठ्या काखेत, हनुवटी वर. ते सरळ आले. अजून सरळ आले. लाल काठी जवळ आली तरी सरळच येत राहिले.

व्रताचे मोजकेच गुरुवार राहिले होते. आता बोलावं तर व्रत मोडतं. आणि व्रत मोडलं तर ज्या डोळ्यासाठी ते धरलं त्या डोळ्याचं काय? न बोलावं तर डोळा शाबूत राहील, पण बाकीचे यजमान काठीच्या पलीकडे जातील. देवाशी चर्चा करायला वेळ नव्हता. वहिनींनी तोंड उघडलं.

"अहो, थांबा!"

आवाज बऱ्याच गुरुवारांचा साठलेला असावा तसा निघाला. उतारावरचे तीन-चार अनोळखी नवरे जागच्या जागी थांबले. यजमानही दचकले. त्यांनी हाकेच्या रोखानं मान वळवली, दोन्ही हात वर केले आणि काळजीनं ओरडले, "अगं, आज गुरुवार आहे!"

हात वर गेले आणि पाय पुढे गेले. यजमान पाठीवर पडले, फिरले, मागून येणाऱ्या शिकवणाऱ्या बाईंना सोबत घेतलं, आणि दोघं मिळून सुसाट खाली आले. जाळीपाशी वहिनी होत्या, त्यांनाही घेतलं. तिघांची एक मोळी होऊन जाळीत थांबली.

आधी बाई उठल्या. अंग झटकत म्हणाल्या, "इतके छान चालले होते हो. मागून मी सांगत होते, सरळ, सरळ, काठीपाशी आले की डावीकडे. यांना जरा लांब वळण शिकवत होते. अगदी माझ्या आवाजावर चालले होते. मध्येच हाक कुणी मारली?"

वहिनी बर्फात पडल्या पडल्या ओठ घट्ट मिटून आभाळाकडे बघत होत्या.

यजमान उठून बसले. गॉगलमध्ये बर्फ गेला होता. तो काढून त्यांनी डोळे उघडले, एकदा हा, एकदा तो. वहिनींनी श्वास रोखून त्यांच्यापुढे एक बोट धरलं.

"एकच आहे," यजमान म्हणाले. "आणि थरथरतंय. पाप लागेल गं तुला माझ्यामुळे."

वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी मूठ उघडून चष्मा पुढे केला. शिकवणाऱ्या बाईंनी चष्म्याकडे पाहिलं, मग काळ्या गॉगलकडे पाहिलं.

"ढगात हा? आणि चष्म्याशिवाय? अहो, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का, कसा घ्यायचा ते?"

यजमानांनी चष्मा घेऊन नाकावर चढवला. बाईंनी आपल्या पिशवीतून एक जुना, मोठा, फिकट पिवळ्या काचेचा गॉगल काढून यजमानांच्या चष्म्यावरून बसवला. दुपारभर यजमान उतरत राहिले, पडत राहिले, पुन्हा वर जात राहिले. प्रत्येक वेळी खाली येताना ते वहिनींना हात करत, आणि तो हात बरोबर वहिनींच्याच दिशेला असे. वहिनी जाळीपाशी उभ्या राहून देवाला सांगत होत्या: एक शब्द सुटला, त्याच्याबद्दल एक गुरुवार जास्त धरीन, डोळा मात्र असाच राहू दे. आणि का कोण जाणे, देवानं ऐकलंय असं त्यांना वाटत होतं.

परतीच्या बसमध्ये सूर्य दिसेना, म्हणून ड्रायव्हरनं दिवे लावल्यावर दिवस मावळला असं वहिनींनी धरलं. मग त्यांनी यजमानांकडे तोंड केलं आणि सकाळपासूनचं सगळं सांगायला घेतलं. चष्म्याभोवती गोल काढला तो कशासाठी. मफलर ओढला तो कशासाठी. आंधळ्यासारखी चालले, स्टुलाला धडकले, ते कशासाठी. आणि इतकं करून शेवटी दुसऱ्याच कुणाच्या तरी गॉगलमधून तुम्हाला रस्ता दिसला.

यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. खिडकीवर बसणाऱ्या माणसाला ते जमतंच.

"ते कळलं होतं मला," ते म्हणाले.

"काय कळलं होतं?"

"मोठा हवा. पिवळा हवा. काळा नको. दोन बोटांचं तेवढं नव्हतं कळलं. मला वाटलं, तुलाही हवाय."

"मग 'तसंच म्हणतेय ती' का म्हणालात?"

"दुकानात आरसा होता," ते म्हणाले. "आजारपणात तोंड बघवत नव्हतं गं माझं. त्या काळ्यात बरा दिसलो. जरा वेळ तसंच राहावंसं वाटलं."

"चष्मा नव्हता तुमच्या डोळ्यांवर तेव्हा."

"म्हणून तर बरा दिसलो."

पुढचा सगळा रस्ता वहिनी बोलल्या नाहीत. दिवस मावळला होता, व्रताची सक्ती नव्हती.

आता बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी दुखणं आलं की बायका वहिनींकडे येतात. वहिनी त्यांना बसवतात, धीर देतात आणि हात हातात घेऊन सांगतात, "तुम्हीही धरा गं माझ्यासारखं. आठवड्यातला एक वार गप्प बसा, मनापासून बसा. देव ऐकतो, डोळा बरा होतो, मी बघितलंय. फक्त एक करा. दिवस मावळल्यावर नवऱ्याला काय काय सुनवायचं, ते दिवसभर मनात जुळवत बसू नका. त्याला ते सकाळीच कळलेलं असतं."